"ईव्हीएम घोटाळा" म्हणण्याआधी चार प्रश्न

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

 

निकालाच्या दिवशी दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. काका लिहितात, "मशीनची कमाल!" आत्या तीन हात जोडलेले इमोजी टाकते. एक चुलतभाऊ कुठला तरी व्हिडिओ टाकतो, ज्यात बटण एकाचं दाबलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली म्हणे. दुसरा चुलतभाऊ लिहितो, "हरलात की मशीन वाईट, जिंकलात की चांगलं." रात्री कुणीतरी ग्रुप सोडून जातं.

गेल्या महिन्यात आपल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पहिल्यांदा मतदान केलेला मुलगा. तो म्हणाला, "दादा, मला फक्त एवढंच सांगा, ईव्हीएम हॅक होतं की नाही? हो किंवा नाही." मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या एका प्रश्नात चार वेगळे प्रश्न लपलेत, आणि चारही प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. ते सुटे केले नाहीत तर आपण साप साप म्हणत भुई धोपटत बसतो. आणि खरंच कुठे साप असेल, तर तो शांतपणे निघून जातो.

तर आज ते चार प्रश्न. मशीन बरोबर चालतं का? मशीन बरोबर चाललं हे तपासतं कोण? मशीनमधला आकडा निकालाच्या कागदापर्यंत नीट पोहोचतो का? आणि मत द्यायला जो आला, तो यादीत कसा आला?

सुरुवात एका गावाच्या गोष्टीने करू.

सरपंच बदलला, पावणेतीन वर्षांनी

हरियाणात पानिपत जिल्हा आहे. हो, तेच पानिपत. तिथे बुआना लाखू नावाचं गाव. २ नोव्हेंबर २०२२ ला तिथे सरपंचपदाची निवडणूक झाली, ईव्हीएमवर. एक उमेदवार विजयी ठरला. हरलेल्याचं म्हणणं, एका बूथच्या आकड्यात चूक झाली आहे, पुन्हा मोजा. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणात गेलं, मग उच्च न्यायालयात, मग थेट सर्वोच्च न्यायालयात.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मशीनच इथे घेऊन या. ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या निबंधकांनी दोन्ही बाजूंसमोर, व्हिडिओ चित्रीकरण करत सगळ्या बूथची मतं पुन्हा मोजली. एकूण मतं ३,७६७. हरलेल्या उमेदवाराला १,०५१ आणि सरपंच म्हणून बसलेल्याला १,०००. म्हणजे ५१ मतांनी निकाल उलटा. ११ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने आदेश दिला, दुसऱ्याला सरपंच म्हणून घोषित करा.

आता या गोष्टीतून काय सिद्ध झालं? "ईव्हीएम खोटं बोलतं" हे सिद्ध झालं का? नाही, उलट मशीनच्या पोटात बरोबर आकडा पावणेतीन वर्षं जसाच्या तसा पडून होता. मग "सगळं आलबेल आहे" हे सिद्ध झालं का? तेही नाही. जाहीर झालेला निकाल चूकच होता आणि चुकीचा माणूस जवळपास अर्धी मुदत खुर्चीत बसला होता.

मशीन बरोबर आणि निकाल चूक, असंही होऊ शकतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्रश्न: मशीन

आपलं ईव्हीएम म्हणजे तीन डबे. तुम्ही बटण दाबता ते बॅलट युनिट. त्याच्या शेजारी चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट. आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर कंट्रोल युनिट, ज्यात मतं साठतात. ही यंत्रं दोनच सरकारी कंपन्या बनवतात, बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल.

याला इंटरनेट नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. त्यामुळे "कुणीतरी लांब बसून लॅपटॉपवरून सगळ्या राज्याची मशीन फिरवली" ही फॉरवर्डमधली गोष्ट मशीनच्या रचनेतच बसत नाही. २०२४ च्या लोकसभेनंतर मुंबई उत्तर-पश्चिममध्ये "मोबाइलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं" अशी बातमी फिरली होती, आठवतंय? ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही. मतमोजणीचे आकडे ज्या संगणक प्रणालीत भरतात, तिला ओटीपी लागतो. बातमी देणाऱ्या वर्तमानपत्राने नंतर माफी मागितली. पण माफी किती जणांनी फॉरवर्ड केली? ते जाऊ दे.

मग मशीन हाताळताच येत नाही का? तसंही नाही. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंगग्रिप यांनी एक खरं भारतीय ईव्हीएम उघडून दाखवलं होतं, की मशीन हातात मिळालं तर आकडा दाखवणारा भाग बदलता येतो आणि साठलेली मतंही बदलता येतात. त्यानंतर हरी प्रसादांना अटक झाली, मशीन चोरीच्या आरोपाखाली. ते मशीन जुन्या पिढीतलं होतं आणि त्यात व्हीव्हीपॅट नव्हतं. पण मुद्दा शिल्लक राहतो. मशीन हातात मिळालं तर. म्हणून खरा प्रश्न "हॅक होतं का" हा नाही. खरा प्रश्न आहे, "मशीन कुणाच्या ताब्यात होतं, आणि कुणाच्या नजरेखाली होतं?"

यावर आयोगाची व्यवस्था अशी. कुठलं मशीन कुठल्या मतदारसंघात जाणार हे संगणकावर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. मग कुठल्या बूथवर जाणार, हे पुन्हा तसंच. बॅलटवर उमेदवारांचा क्रम माघारीनंतरच ठरतो, त्यामुळे कारखान्यात बसून "तीन नंबरचं बटण फिरवू" म्हणणाऱ्याला तीन नंबरवर कोण येणार हे माहीत नसतं. मतदानाच्या दिवशी सकाळी, मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, एजंटांसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल होतो. निकाल दाखवतात, पुसतात, सील करतात, एजंट सह्या करतात.

यात टीकाकारांचा एक प्रश्न मात्र रास्त आहे. व्हीव्हीपॅटला चिन्हं छापायची तर ती आधी त्यात भरावी लागतात, आणि ती भरली जातात उमेदवारांची यादी ठरल्यानंतर, एका छोट्या यंत्रातून, ज्याला सिम्बॉल लोडिंग युनिट म्हणतात. म्हणजे "मशीनला उमेदवार माहीतच नसतो" हे वाक्य आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात कागदी मतपत्रिकेकडे परत जायची मागणी फेटाळली, पण त्याच निकालात हे लोडिंग युनिट सील करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवायला सांगितलं. म्हणजे ही शंका न्यायालयाने कचऱ्यात टाकली नाही.

दुसरा प्रश्न: तपासतं कोण?

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खालच्या डब्यात पडते. हा डबा महत्त्वाचा आहे. मशीन म्हणतं अमक्याला ४१२ मतं. डब्यातल्या चिठ्ठ्या मोजा. ४१२ आल्या तर विषय संपला.

पण सगळ्या चिठ्ठ्या मोजत नाहीत. आधी एका विधानसभा क्षेत्रात एकाच केंद्राच्या मोजायचे. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाच केलं. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० केंद्रं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत या १,४४० ठिकाणी चिठ्ठ्या आणि मशीनचे आकडे जुळले, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं.

आता जरा गणित करू. घाबरू नका, भाताची परीक्षा शितावरून, एवढंच आहे. प्रश्न इतकाच, की किती शितं बघितल्यावर भाताची खात्री होते?

आधी अख्खं राज्य घेऊ. राज्यात साधारण एक लाख मतदान केंद्रं होती. समजा कुणी त्यातल्या शंभरात एका केंद्रावर गडबड केली, म्हणजे एक हजार केंद्रांवर. आपण लॉटरीने १,४४० केंद्रं तपासली, तर त्यात गडबडीची साधारण चौदा सापडायला हवीत. एकही न सापडण्याची शक्यता लाखात एकापेक्षाही कमी. म्हणजे "राज्यभर मोठ्या प्रमाणावर मशीनमधली मतं फिरवली" या आरोपाला ही तपासणी चांगलंच उत्तर देते. अट एकच. पाच केंद्रं खरोखर लॉटरीने निवडलेली हवीत, आणि चिठ्ठ्या एजंटांसमोर खरोखर मोजलेल्या हव्यात.

आता एकच मतदारसंघ घेऊ. समजा तिथे ३०० केंद्रं आहेत आणि गडबड फक्त दहा केंद्रांवर आहे. अटीतटीची लढत असेल तर दहा केंद्रांवर निकाल फिरू शकतो. आपण तपासणार पाच. त्या पाचांत दहापैकी एक तरी सापडण्याची शक्यता किती? शंभरात सोळा. म्हणजे शंभरात चौऱ्याऐंशी वेळा गडबड सुटून जाईल.

दिसलं का? तीच पाच केंद्रांची तपासणी राज्याच्या प्रश्नाला भक्कम उत्तर देते आणि एका जागेच्या प्रश्नाला लंगडं. म्हणून टीव्हीवर एक जण म्हणतो "तपासणी पुरेशी आहे" आणि दुसरा म्हणतो "अजिबात पुरेशी नाही", तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

यावर उपाय म्हणून त्याच २०२४ च्या निकालात न्यायालयाने एक दार उघडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून, एका विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते. खर्च त्याने करायचा, फेरफार सापडला तर पैसे परत. पण मग वाद सुरू झाला तो तपासणी म्हणजे काय, यावर. आयोगाच्या पहिल्या पद्धतीत मशीनवर नव्याने मॉक पोल घेत होते. अर्जदार म्हणाले, आम्हाला त्या दिवशीचं मशीन तपासायचंय, आज ते चालतं का हे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं, तपासताना आधीचा डेटा पुसू नका. आणि एका मशीनमागे चाळीस हजार रुपये अधिक जीएसटी, हा खर्चही न्यायालयाला जास्त वाटला.

मारकडवाडीचं कोडं

आता आपल्या राज्यातलं गाव. सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका, मारकडवाडी. २०२४ च्या विधानसभेत माळशिरसमधून शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर निवडून आले. पण मारकडवाडीत भाजपच्या राम सातपुतेंना जास्त मतं दिसली, आणि गावातले अनेक लोक म्हणाले, हे शक्य नाही, आमचं गाव आम्हाला माहीत आहे. त्यांनी ठरवलं, ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान झालं नाही.

त्यावर देशभर चर्चा झाली. एक बाजू म्हणाली, घाबरले म्हणून थांबवलं. दुसरी म्हणाली, हा कायद्याचा खेळ आहे का?

मला त्यातली वेगळीच गोष्ट डाचते. समजा ते मतदान झालं असतं, तर काय कळलं असतं? फारसं काही नाही. निकाल लागल्यावर, गावासमोर, कॅमेऱ्यांसमोर पुन्हा मत देणारा माणूस पहिल्यासारखंच मत देईल याची खात्री काय? आणि जो भाजपला मत देऊन आला, तो त्या दिवशी घराबाहेर पडेल का? उत्तर नव्या मतपत्रिकेत नव्हतंच. उत्तर होतं आधीच्या मतदानात डब्यात पडलेल्या चिठ्ठ्यांमध्ये. त्या गावच्या बूथच्या चिठ्ठ्या मोजल्या असत्या, तर एका दुपारचं काम होतं.

मग त्या मोजायला सांगायच्या कुणी? इथे कोडं आहे. मतमोजणी चालू असताना कुठलाही उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे चिठ्ठ्या मोजण्यासाठी लेखी अर्ज करू शकतो. मान्य करायचं की नाही हे अधिकारी ठरवतो. ती वेळ गेली की तो रस्ता बंद. नंतरची पाच टक्क्यांची तपासणी फक्त दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मागता येते, आणि इथे तक्रार करणारा पक्ष तर जिंकलेला! हरलेल्याला त्या गावात जास्त मतं, तो कशाला मागेल? राहिला गावकरी. त्याला एकच रस्ता, ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. वकील, खर्च, तारखा.

गावकऱ्यांची शंका बरोबर होती की चूक, हे मी सांगू शकत नाही. पण शंकेचं उत्तर डब्यात तयार असताना ते मागायचा सोपा हक्क कुणालाच नव्हता, ही त्रुटी आहे आणि ती कुठल्याही पक्षाची नाही.

तिसरा प्रश्न: आकडा

आता सगळ्यात गाजलेला मुद्दा. २० नोव्हेंबर २०२४, महाराष्ट्राचं मतदान. संध्याकाळी पाचला आयोगाचा आकडा ५८.२२ टक्के. अंतिम आकडा ६६.०५ टक्के. मधला फरक ७.८३ टक्के. मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख. गुणाकार केला की आले ७६ लाख. "संध्याकाळनंतर ७६ लाख मतं कुठून आली?" हा प्रश्न तिथून निघाला.

आधी हे दोन आकडे काय आहेत ते बघू. पाचचा आकडा हा अंदाज असतो. अधिकारी बूथवरून माहिती घेतात, फोन करतात, ॲपमध्ये भरतात. काही बूथची माहिती तेव्हा तासाभरापूर्वीची असते, काहींची आलेलीच नसते. अंतिम आकडा मात्र कागदावरून येतो. शिवाय सहा वाजता जे रांगेत उभे असतात, त्यांना चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत बूथ चालू राहतो.

आता ७६ लाखाला एक लाख केंद्रांनी भागा. केंद्रामागे ७६ मतं. दिवसभरात एका केंद्रावर सरासरी ६४० मतं पडली, मतदान अकरा तास, म्हणजे तासाला साधारण ५८. तर शेवटचा तास, त्यानंतरची रांग आणि उशिरा आलेली माहिती धरली, तर ७६ हा आकडा मोठा आहे, पण भुतांनी येऊन मतं दिल्याशिवाय होणारच नाही असा नाही. याच मुद्द्यावर निवडणूक रद्द करा म्हणणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली.

पण थांबा. सरासरीने संशय कमी होतो, संपत नाही. सरासरी ७६ म्हणजे कुठे दहा, कुठे तीनशे असू शकतात. जिथे तीनशे, तिथे रांग खरंच होती का? हे दाखवायला दोन पुरावे आहेत.

एक, फॉर्म १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष या कागदावर लिहितो, या मशीनमध्ये एकूण इतकी मतं पडली. खाली सही, आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला त्याची प्रत मिळते. मंडळी, अख्ख्या निवडणुकीतला सगळ्यात ताकदवान कागद हा आहे. मशीनमधला आकडा स्ट्राँगरूममध्ये वाढला, तर तो १७-सीशी जुळणार नाही. पण हा कागद एजंटला मिळतो, तुम्हा-आम्हाला नाही. हे कागद वेबसाइटवर टाका, ही मागणी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. आयोगाचं म्हणणं होतं, उमेदवार आणि एजंट सोडून इतरांना तो द्यायचं कायद्यात बंधन नाही.

दुसरा पुरावा, बूथवरचं चित्रीकरण. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि असे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज सर्वसामान्यांना बघायला मिळणं बंद झालं. आयोगाचं कारण, मतदाराची गोपनीयता. कुणी मत द्यायला आलं, कुणी नाही, हे कळलं तर गावात त्याला त्रास होऊ शकतो. हे कारण खोटं नाही. पण रांग होती का हे न्यायालयाने किंवा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी बघायला काय हरकत, हा प्रश्न उरतोच. आणि संशय अशाच उरलेल्या प्रश्नांवर वाढतो.

याच प्रश्नातला आणखी एक गोंधळ. लोकसभा २०२४ नंतर एडीआर या संस्थेने दाखवलं, की ५३८ मतदारसंघांत पडलेली मतं आणि मोजलेली मतं यांत फरक आहे. याचं एक साधं कारण असं. काही ठिकाणी अधिकारी मॉक पोलची मतं पुसायला विसरतो, किंवा १७-सीवर आकडा चुकीचा लिहितो. अशी मशीन बाजूला ठेवतात, आणि विजयाचं अंतर त्या मशीनमधल्या मतांपेक्षा मोठं असेल तर ती मोजतच नाहीत. म्हणजे फरक दिसणं हा आपोआप घोटाळा नाही. पण कुठलं मशीन, का बाजूला ठेवलं, ही यादी प्रत्येक जागेसाठी छापली असती, तर हा वाद अर्ध्या दिवसात मिटला असता.

आणि थोड्या मतांना किती किंमत असते, ते बघायचं तर पुन्हा मुंबई उत्तर-पश्चिम. ईव्हीएमच्या मतांत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. एका! टपाली मतं धरल्यावर शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. तिथला खरा वाद टपाली मतांचा आणि दुसऱ्याच्या नावावर पडलेल्या मतांचा होता. कीर्तिकरांची याचिका डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. पण आपण सगळे तेव्हा बोलत होतो ओटीपीवर.

चौथा प्रश्न: यादी

मशीन शुद्ध, मोजणी शुद्ध, कागद शुद्ध. पण यादीतच बोगस नाव असेल तर? मशीन बिचारं तेही मत इमानदारीने मोजणार.

कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी ६,०१८ नावं वगळण्यासाठी ऑनलाइन अर्ज आले. तपासलं तर त्यातले फक्त २४ खरे निघाले. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०२४ च्या विधानसभेआधी उलटं झालं, नावं घालण्यासाठी हजारो खोटे अर्ज आले. दोन्हीकडे स्थानिक अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, अर्ज अडवले, गुन्हे दाखल झाले. आयोग म्हणतो, बघा, यंत्रणा जागी आहे. विरोधक म्हणतात, अर्ज करणारे कोण होते ते सांगा. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. चोर दारातून परत गेला हे चांगलंच, पण चोर कोण होता हे विचारायला नको का?

याद्यांमधल्या दुबार नावांचा, मोठ्या संख्येने वाढलेल्या मतदारांचा वाद आपण वेगळ्या भागात घेऊ. आज एवढंच, की यादीचा प्रश्न विचारताना "ईव्हीएम" हा शब्द काढून ठेवा. तो दुसराच विषय आहे.

पक्ष बदलतात, शंका तीच

एक गंमत सांगतो. देशात ईव्हीएम पहिल्यांदा वापरलं गेलं १९८२ मध्ये, केरळच्या परूर मतदारसंघात, ५० बूथवर. निकाल लागला १२३ मतांनी. हरलेला उमेदवार न्यायालयात गेला, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केलं. कारण मशीन बिघडलं हे नव्हतं. मशीन वापरायची कायद्यात तरतूदच नव्हती! त्या बूथवर कागदावर पुन्हा मतदान झालं आणि निकाल उलटला. तेव्हापासून हा वाद मशीनसोबतच चालतोय. २००९ ची लोकसभा हरल्यावर भाजपचे नेते ईव्हीएमवर शंका घेत होते. आता विरोधक घेतात. खुर्च्या बदलल्या की वाक्यांची अदलाबदल होते.

म्हणून मला जर्मनीचा एक निकाल आवडतो. मार्च २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मतदान यंत्रांचा तेव्हाचा वापर घटनाबाह्य ठरवला. घोटाळा सापडला म्हणून नव्हे. सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, मोजणी स्वतः तपासता आली पाहिजे, आणि त्या यंत्रांत ते शक्य नव्हतं, म्हणून. आपल्याकडे चिठ्ठीचा डबा आहे, त्यामुळे आपण त्या स्थितीत नाही. पण कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. निवडणूक जिंकणाऱ्याला पटवायची नसतेच, तो खूशच असतो. निवडणूक हरलेल्याला पटवायची असते.

मग आपण काय करायचं?

त्या व्हॉइस नोटवाल्या मित्राला माझं उत्तर. लांबून हॅक होतं? नाही. कुणाच्या हातात एकटं सापडलं तर बिघडवता येतं? हो, म्हणून पहारा आणि चिठ्ठी. आणि चिठ्ठी किती मोजतो, यावर एका जागेची खात्री अवलंबून आहे.

पुढच्या वेळी मत द्यायला जाल, तेव्हा बटण दाबून लगेच वळू नका. ते सात सेकंद बघा. चिठ्ठी चुकीची दिसली तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा. तो लेखी घेईल, एजंटांसमोर चाचणी मत घ्यायला लावेल. तक्रार खरी निघाली तर ते मशीन थांबतं, खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते. म्हणून खात्री असेल तरच बोला, पण खात्री असेल तर गप्प बसू नका. महापालिका आणि जिल्हा परिषदेला मात्र चिठ्ठी शोधू नका. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यात व्हीव्हीपॅट वापरणार नाही, असं त्याने २०२५ मध्येच सांगितलं होतं. ते का नाही, हा विचारायला चांगला प्रश्न आहे.

कुठल्याही पक्षाचं काम करत असाल तर सेल्फी नंतर काढा, आधी बूथ एजंट व्हा आणि संध्याकाळी १७-सी घेतल्याशिवाय हलू नका. काहीच करत नसाल तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर फॉर्म २० मिळतो, त्यात तुमच्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते दिसतं. मोबाइलवर उघडतं, थोडं झूम करावं लागेल. आणि यादीतलं स्वतःचं नाव निवडणुकीच्या आदल्या रात्री नाही, आज बघा.

आणि ग्रुपवर पुढचा व्हिडिओ आला, की काकांशी भांडू नका. फक्त विचारा, "काका, हा मशीनचा प्रश्न आहे, तपासणीचा, आकड्याचा, की यादीचा?" काका दोन मिनिटं गप्प बसतील. तेवढ्यात जेवून घ्या.

भाग आवडला तर शंका घेणाऱ्या एकाला आणि अजिबात न घेणाऱ्या एकाला पाठवा. काही चुकलं असेल तर तेही कळवा, पुढच्या भागात दुरुस्त करू. भेटू लवकरच. काळजी घ्या!